बाग ताणावर सोडताना

दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक प्रश्न विचारतो : तुमचे आवडते पुस्तक कोणते? हा प्रश्न विचारण्याचा मोह मराठीच्या प्राध्यापकाला आवरत नाही आणि उत्तर ऐकल्यावर चेहऱ्यावरचे भावही आवरत नाहीत. 'कोसला' किंवा 'बनगरवाडी' असे उत्तर येईल ही आशा मी आता सोडली आहे. अर्ध्याहून अधिक मुले यशाची सूत्रे, सकारात्मक विचार, पहाटे उठण्याचे फायदे अशा विषयांवरच्या पुस्तकांची नावे सांगतात. दोन वर्षांपूर्वी घनसावंगीकडून येणाऱ्या एका मुलाने तर असे पुस्तक थेट माझ्या हातातच ठेवले. त्याला प्लॅस्टिकचे कव्हर घातलेले होते आणि पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तो नम्रपणे म्हणाला, "सर, आधी वाचून बघा, मग हसा." मी हसलो होतो, हे त्याने पाहिले होते. पुस्तक घेतले आणि विभागाच्या कपाटात समीक्षाग्रंथांच्या शेजारी ठेवून दिले.

अशा पुस्तकांविषयी आपल्या मनात तुच्छता असते आणि तिला काही कारणेही आहेत. सॅम्युअल स्माइल्सने १८५९ साली 'सेल्फ हेल्प' लिहिले, डेल कार्नेगीचे माणसे जोडण्याचे पुस्तक १९३६ साली आले, नॉर्मन व्हिन्सेंट पीलने १९५२ मध्ये सकारात्मक विचारांचे सामर्थ्य सांगितले, आणि तेव्हापासून तोच माल नव्या वेष्टनात येत राहिला आहे. भाषा सपाट, उदाहरणे घासलेली, हे तर झालेच. माझा खरा आक्षेप मात्र भाषेवर नाही. यश हा मनोवृत्तीचा प्रश्न आहे असे एकदा मानले, की अपयश हा आपोआपच मनोवृत्तीचा दोष ठरतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात हे खपून जाते. जालना जिल्ह्यात खपत नाही. येथे २०१२ च्या पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे जपलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवणारे लोक होते, आणि ते परवडेनासे झाल्यावर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवणारेही. त्या माणसाला 'पेला अर्धा भरलेला पाहा' असे सांगणे म्हणजे त्याच्या रिकाम्या विहिरीचा दोष त्याच्याच डोळ्यांवर ढकलणे होय.

त्याच काळात एका गावात असे एक व्याख्यान मी ऐकले आहे. वक्ते बाहेरगावचे होते, आवाज चांगला होता, टाळ्याही भरपूर पडल्या. नंतर चहा पिताना एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारले, "सर, समदं झाक बोलले, पण पाण्याचं काय म्हणाले?"

तर, अशा रीतीने माझी बाजू भक्कम होती. तिला धक्का दिला तो, गंमत म्हणजे, अभ्यासक्रमानेच. दासबोध शिकवायचा होता. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला, आणि परंपरा सांगते की लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकून बारा वर्षांचा मुलगा तेथून पळाला. (लग्नातला हा शब्द आजतागायत सगळेच ऐकतात, शब्दशः घेणारा बहुधा तो एकटाच.) आपण वर्गात रामदास शिकवतो ते महाराष्ट्रधर्म, राजकारण, शिवकालीन संदर्भ आणि त्यांवर शंभर वर्षे चाललेले वाद अशा अवजड सामानासकट. त्या गर्दीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथाचा बराचसा भाग माणसाने स्वतःला कसे सुधारावे याविषयीचा आहे. यत्नाची शिकवण देणारा समास आहे, उत्तम लक्षणांचा आहे, पहाटे उठून पाठांतर करावे इथपासून दिनक्रम सांगणारा आहे. थोडक्यात, मी ज्या पुस्तकांना नाके मुरडत होतो त्यांचा मराठीतला आद्य पूर्वज मी आदराने शिकवत होतो.

पूर्वज आणि वंशज यांच्यात फरक मात्र मोठा आहे. आजचे पुस्तक पहिल्याच पानावर तुम्हाला सांगते की तुमच्यात एक राजा झोपला आहे. समर्थ दुसऱ्या दशकाच्या आरंभी सांगतात की तुम्ही मूर्ख आहात, आणि त्याचे पुरावे देतात. स्वतःची स्तुती करणारा मूर्ख, वाडवडिलांच्या कीर्तीवर जगणारा मूर्ख, कारण नसताना हसणारा मूर्ख. दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोके खाजवणारा तिसरा, तोही मूर्ख. हा समास वर्गात वाचला की मुले खदखदून हसतात आणि एकमेकांकडे बोटे दाखवतात. मग हळूहळू प्रत्येकाचा हात आपापल्या डोक्याकडे जाता जाता थांबतो. स्वतःचा मूर्खपणा इतक्या नेमकेपणाने नोंदलेला पाहून माणूस खचत नाही, उलट हलका होतो. असे का व्हावे? मला वाटते, दोन्ही हातांनी डोके खाजवणे ही सोडता येण्याजोगी गोष्ट आहे. राजा होणे हे संध्याकाळपर्यंत जमणारे काम नव्हे.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर मला आता संपूर्ण ग्रंथातला सर्वांत आनंदी वाटतो. विषय काय, तर हस्ताक्षर! अक्षर वाटोळे, मोकळे आणि काळेभोर असावे, ओळी सरळ असाव्यात, पानाच्या कडेने जागा सोडावी, पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हातचे वाटावे. बोरू कसा तासावा, कागद-शाई कशी असावी, हेही आहे. असे लिहिल्याने पदोन्नती मिळेल असे कोठेही म्हटलेले नाही. काम नीट करण्यात जे सुख आहे ते कामाच्या आतच आहे, फळ म्हणून नंतर वाटले जाणारे नाही, असे गृहीत धरून तो माणूस ओवीमागून ओवी लिहीत जातो.

छोट्या सुखांचा विषय निघाला की आपल्याला लघुनिबंध आठवतो. फडके, खांडेकर, काणेकर यांनी १९३० च्या आसपास तो फुलवला आणि पुढे समीक्षेने त्याला आरामखुर्चीतले साहित्य म्हणून निकालात काढले. आरोप बराचसा खराच होता. पोट भरलेल्या माणसाने खिडकीतून पाहिलेले ते जग होते. तरीही मला राहून राहून वाटते की तो वाङ्मयप्रकार आमच्या भागात पोहोचण्याआधीच संपला. जालन्याला बसून कोणी लघुनिबंध लिहिला असता तर त्यात काय आले असते? जानेवारीच्या थंडीत गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला, तळहातावर चोळून फुंकर मारलेला हुरडा आला असता. किलोभर मोसंबी तोलून झाल्यावर विक्रेत्याने न मागता वर टाकलेले एक फळ, आणि ते सोलल्यानंतर दिवसभर नखांत राहणारा वास. शेतीची वीज ठरल्या वेळी आल्याचे सुख (हे सुख कोणत्याही फडक्यांना माहीत नव्हते). आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्याच्या दुकानापुढची गर्दी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून 'सोने का पालना' म्हणवणारे हे शहर बियाण्यांसाठीही ओळखले जाते. आकाशात ढगाचा पत्ता नसताना पिशवीवरचे चित्र निरखणारा शेतकरी पाहावा. तो आशावादी आहेच, पण भोळा नाही. दुबार पेरणीचे पैसे कोठून आणायचे याचा हिशेब त्याच्या डोक्यात त्याच क्षणी चालू असतो.

मोसंबीवाल्यांकडून मी आणखी एक शब्द शिकलो : ताण. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास झाडाचे पाणी तोडतात. याला बाग ताणावर सोडणे म्हणतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग जानेवारीत खत देऊन हलके पाणी सुरू केले की झाड फुलांनी भरून जाते. प्रेरक वक्त्याच्या हाती हा दृष्टान्त लागला तर तो सोडणार नाही : संकटानेच माणूस फुलतो! परंतु बागवानाला विचारा. तो सांगेल की हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस द्यायचा, भारी जमिनीत जास्त, आणि रोज झाडाकडे पाहत राहायचे. मुख्य म्हणजे, पुन्हा द्यायला विहिरीत पाणी असेल तरच ताण द्यायचा. पाणी नसताना पडतो त्याला ताण म्हणत नाहीत, दुष्काळ म्हणतात. २०१३ साली तेच झाले होते. त्या वर्षी झाडांची इच्छाशक्ती कमी पडली नव्हती.

म्हणूनच जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण मला व्याख्यानांपेक्षा जवळचे वाटते. तेथे १९९६ च्या सुमारास पाणलोटाचे काम सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पाणी अडले, पुढे शेततळी आली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बांध घालणाऱ्याच्या मनात त्या दिवशी आशा होती की नव्हती, हे कोणी नोंदवलेले नाही. बांध सरळ होता की वाकडा, एवढेच पाणी पाहते.

हे सारे त्या मुलाला सांगावे म्हणून परवा मी विभागाचे कपाट उघडले. पुस्तक होते तेथेच होते. हातात घेऊन चाळू लागलो तो पेन्सिलीच्या एका खुणेपाशी थांबलो. त्याने समासात लिहिले होते, 'हे जमते. करून पाहिले.' शेजारच्या पानावर, 'हे आपल्याकडे चालणार नाही.' दोन्ही वाक्ये काळीभोर, मोकळी, सरळ ओळीत. मूर्खलक्षणांच्या अखेरीस समर्थांनी असा एक मूर्ख सांगितला आहे जो घरातली पुस्तके स्वतः वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, नुसती बांधून ठेवतो. दोन वर्षे मी तो समास वर्गात शिकवत होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती. मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी त्याचा तास आहे. पुस्तक पिशवीत घातले आहे. अजून चाळीस पाने राहिली आहेत, ती रविवारी संपवीन.