लळिंग किल्ला : सुशोभीकरणाआधी जतन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
धुळे जिल्हा, धुळे.

विषय : लळिंग किल्ल्याची हद्द निश्चित करणे, टाकी व तटबंदीचे शास्त्रशुद्ध जतन आणि पर्यटकांसाठी किमान सोयी याबाबत.

महोदय,

आम्ही धुळे व जळगाव जिल्ह्यांतील दुर्गप्रेमी नागरिक, शिक्षक आणि विद्यार्थी हे निवेदन सादर करीत आहोत.

धुळे शहराच्या दक्षिणेला सुमारे 10 किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गाला लागूनच लळिंगचा डोंगर आहे. गाडीच्या खिडकीतून तो रोज हजारो लोकांना दिसतो, पण वर चढणारे फार थोडे. आपल्या शाळांच्या सहली रायगडला जातात, कोकण किनाऱ्यावर विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पाहून येतात, याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र खानदेशच्या मुलांनी खानदेशची फारुकी राजवट जिथे रुजली तो डोंगर पाहू नये, हे मनाला लागते.

1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद ही ठाणी दिली. त्यातून खानदेशची फारुकी सत्ता उभी राहिली. मलिक राजाने लळिंग आपला मुलगा नासिर खान याच्या हाती सोपवला. याच नासिर खानाने पुढे असीरगड घेतला आणि तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले. बहामनी फौजेकडून हार पत्करावी लागल्यावर तो आश्रयाला पुन्हा लळिंगलाच आला आणि 1437 मध्ये इथेच त्याचा अंत झाला. त्याला दफन केले ते थाळनेरला. खानदेशाला समुद्र नाही, पण सुरत बंदरातला माल बऱ्हाणपूरकडे जाई तो याच तापी खोऱ्यातून, थाळनेरवरून. म्हणून लळिंग आणि थाळनेर ही दोन ठिकाणे एकत्र पाहिल्याशिवाय हा इतिहास उमगत नाही.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी जतनाची आहे. तटाच्या सांध्यांत पिंपळ-वडाची रोपे मुळे धरतात. ती वरवर छाटली तर दुप्पट जोमाने फुटतात आणि घाईने उपटली तर मुळाबरोबर दगडही निखळतो. त्यामुळे हे काम पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे. दुरुस्तीत सिमेंट अजिबात वापरू नये. जुन्या बांधकामाला चुनाच मानवतो; सिमेंट ओल आत कोंडून ठेवते आणि शेजारचा दगड झिजवते. कातळात खोदलेल्या टाक्यांतला गाळ यंत्राने नव्हे, हाताने काढावा, कारण त्यात खापरे, नाणी, घडीव दगड असू शकतात. त्यांची जागेवरच नोंद व्हायला हवी. श्रमदानाला आम्ही तयार आहोत, परवानगी आणि मार्गदर्शन मात्र लेखी मिळावे. रंगीत कठडे, सेल्फी पॉइंट, सिमेंटचे बुरूज यांवर निधी खर्च होणार असेल, तर तो आम्हाला नको आहे.

या सगळ्याआधी किल्ल्याची मोजणी करून हद्द नकाशावर निश्चित करावी आणि तो नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. गडकोटांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी शासनाने जानेवारी 2025 मध्ये आपल्याच अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती नेमली आहे. लळिंगचा विषय तिच्यापुढे घ्यावा.

पायथ्याच्या कुरणातले गवत उन्हाळ्यात वाळते आणि एका विडीच्या थोटकानेही पेट घेऊ शकते. वन विभागाने गडवाटेच्या दोन्ही अंगांना वेळेवर जाळरेषा काढाव्यात. याच कुरणातील लांडोर बंगल्यात 31 जुलै 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी मोठा समुदाय जमतो. त्या दिवशी पाणी, स्वच्छतागृहे, रुग्णवाहिका आणि जादा एस.टी. गाड्या यांची व्यवस्था यात्रेच्या धर्तीवर व्हावी.

धुळ्याचा मे महिना कसा असतो ते आपण जाणताच. पायथ्याशी पिण्याचे पाणी, सावली आणि महिलांसाठी स्वच्छतागृह एवढे तरी बारमाही असावे. महामार्गावर दोन्ही दिशांना फलक हवेत. गडावरील माहितीफलकांचा मजकूर धुळ्यातीलच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाकडून तपासून घ्यावा. 1927 पासून कागदपत्रे जपणारी अशी संस्था घराजवळ असताना चुकीच्या सनावळ्यांचे फलक लागणे बरे नाही. लळिंगच्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण द्यावे आणि जेवणाचे काम गावातल्या बचत गटांकडे सोपवावे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 दुर्ग गेले. त्यात शेजारच्या बागलाणातला साल्हेर आहे. साल्हेरच्या ओढीने येणाऱ्याला लळिंग, थाळनेर, भामेर दाखवता येतील, अशी आखणी आताच करणे शक्य आहे.

पावसाळ्यापूर्वी पुरातत्त्व व वन विभागाच्या अधिकाऱ्यांसह किल्ल्याची संयुक्त पाहणी करावी, तिला आमच्या प्रतिनिधींना बोलवावे आणि पाहणीचा अहवाल आम्हाला लेखी द्यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
धुळे व जळगाव जिल्ह्यांतील दुर्गप्रेमी नागरिक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मुंबई
मा. उपवनसंरक्षक, धुळे
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
सरपंच, ग्रामपंचायत लळिंग