बळाला अभ्यासाची जोड हवी

पावसाळा सरून मैदाने वाळू लागली म्हणजे महाराष्ट्रात गावोगावी शालेय स्पर्धांची, जत्रांतील कुस्त्यांची आणि पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीची तयारी जोरात सुरू होते; भल्या पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली, तालमीत जोर-बैठकांचा आकडा वाढवीत नेणारे पठ्ठे, आणि तालुक्याच्या ठिकाणी निघालेल्या नव्या जिममध्ये संध्याकाळी दाटीवाटीने वजने उचलणारे तरुण यांच्याकडे पाहिले म्हणजे या मुलखात कष्टांचा दुष्काळ आहे असे कोणासही म्हणता येणार नाही. दुष्काळ आहे तो या कष्टांच्या पाठीशी असावयास हव्या असलेल्या अभ्यासाचा. कोणता व्यायाम, कोणत्या खेळासाठी, किती भाराने, किती वेळा आणि किती विश्रांतीनंतर करावयाचा, या प्रश्नांची समर्पक उत्तरे देऊ शकेल असा मार्गदर्शक विरळाच आढळतो. खेळाडूचे बळ आणि त्याच्या हालचालींतील कौशल्य हा एकच अभ्यासविषय आहे, आणि तो रीतसर न शिकलेल्या कोणाही व्यक्तीकडे वाढत्या वयाच्या मुलांची शरीरे सोपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा अभ्यास आपल्याला परका आहे असेही नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या आमदानीत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे शिस्तबद्ध रूप दिले, त्यात मल्लाला लागणारी पकड, मांड्यांची आवळ आणि अंग फिरविताना राखावयाचा तोल ही सर्व अंगे एरंडेल चोळलेल्या एकाच खांबावर एकत्र साधली जात. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि १९३६ साली त्या संस्थेच्या पथकाने थेट बर्लिनपर्यंत जाऊन भारतीय खेळांचे दर्शन घडविले. त्याच सुमारास बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार व्यायामज्ञानकोशाच्या संपादनास लागले होते, आणि त्याचे दहा खंड सिद्ध होईपर्यंत एका तपाहून अधिक काळ लोटला. ज्या भाषेत व्यायामाचा दहा खंडांचा कोश निघाला, त्या भाषेच्या मुलखात आज व्यायामशिक्षण ऐकीव माहितीवर आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींवर चालावे, ही अवनती आहे, आणि तिची दखल घेणे आपले कर्तव्य आहे.

बळ कसे वाढते, या मूळ प्रश्नापासूनच आरंभ करू. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतींनी अधू झालेले सैनिक मोठ्या संख्येने पडून होते, आणि तोवरच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांना हलक्या भाराचे, पुष्कळ आवर्तनांचे व्यायाम दिले जात. टॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरने हा क्रम उलटा केला. रुग्णाला जे वजन बरोबर दहा वेळा उचलता येते, अकराव्यांदा येत नाही, ते प्रथम ठरवावयाचे. पुढे त्या वजनाच्या निम्म्याने, मग पाऊणपटीने आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा-दहा आवर्तने करावयाची. आणि बळ वाढेल तसतसे ते वजनही वाढवीत न्यावयाचे, अशी पद्धती त्याने १९४५ पासून लेखांद्वारे मांडली आणि पुढील काही वर्षांत निश्चित केली. अधू पायांत ताकद इतक्या लवकर परतू लागली की, मोजून-मापून क्रमाने वाढविलेला भार हे तत्त्व तेव्हापासून या शास्त्राचा पाया ठरले.

या तत्त्वाच्या प्रकाशात आपल्या तालमीतील बैठकांकडे पाहावे. बैठकांची संख्या शंभरावरून पाचशेवर गेली म्हणजे दम वाढतो, चिवटपणा वाढतो, आणि कुस्तीत त्याला मोल आहेच; परंतु प्रत्येक बैठकीत उचलावयाचे ओझे स्वतःच्या शरीराएवढेच राहत असल्यामुळे एका मर्यादेनंतर कमाल शक्तीत फारशी भर पडत नाही. पूर्वीचे वस्ताद हे अनुभवाने ओळखून होते, म्हणूनच गळ्यात दगडी कडे घालून बैठका मारणे, खांद्यावर जोडीदार घेणे, वजनदार गदा फिरविणे असे प्रकार तालमीत रूढ झाले. आजच्या शिक्षकाने त्या अनुभवाला आकड्यांची आणि नोंदीची जोड द्यावयाची आहे, इतकेच.

परंतु विषय येथे संपत नाही. नव्याने वजन उचलू लागलेल्या मुलाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, तेव्हा त्याचे स्नायू अद्याप फारसे जाड झालेले नसतात; मज्जासंस्था अधिकाधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी आणि योग्य क्रमाने कामाला लावण्यास शिकलेली असते. म्हणजे बळ हेही मुळात अंशतः शिकण्याचाच भाग आहे, आणि ज्या हालचालीत ते शिकले जाते त्या हालचालीशी ते बांधलेले राहते. स्नायूंना आपला सर्व जोर प्रकट करावयास सुमारे तीन दशांश सेकंद किंवा त्याहून अधिक अवधी लागतो. उलट पूर्ण वेगात धावणाऱ्या उत्तम धावपटूचे पाऊल जमिनीवर एक दशांश सेकंदाइतकाही वेळ टिकत नाही. जड बारबेल खांद्यावर घेऊन सावकाश उठणाऱ्या तरुणाने कितीही बळ कमावले, तरी ते त्या इवल्याशा अवधीत जमिनीवर उतरविता आले नाही तर शर्यतीत त्याचा उपयोग काय? याच अडचणीवर सोव्हिएत रशियातील युरी वेर्खोशान्स्की या उड्यांच्या प्रशिक्षकाने १९६० च्या दशकात उंच ठोकळ्यावरून खाली उतरून जमीन लागताक्षणीच पुन्हा उसळण्याचा अभ्यासक्रम योजला, आणि तो आज जगभर रूढ आहे. विहिरीला पाणी मुबलक असले तरी पाट नीट बांधलेला नसेल तर पिकाच्या मुळाशी ते पोहोचत नाही. बळ आणि हालचाल यांचा संबंध तसाच आहे.

हा पाट कसा बांधावयाचा, याचा सर्वांत खोल विचार निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरशास्त्रज्ञाने केला. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत काम करीत असताना त्याने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कारागिरांच्या खांद्याला, कोपराला आणि मनगटाला छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. कुशल हाताचा प्रत्येक घाव हुबेहूब मागच्यासारखा असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. आढळले ते वेगळेच. हातोडा दर वेळी अचूक जागी पडे, परंतु तेथवर पोहोचताना खांदा, कोपर आणि मनगट यांची वाटचाल प्रत्येक घावाला थोडी निराळी असे. एका सांध्यात झालेली किंचित चूक दुसरा सांधा वाटेतच सावरून घेई. कौशल्य म्हणजे एकच ठसा पुनःपुन्हा उमटविणे नव्हे, प्रत्येक वेळी त्याच प्रश्नाचे नव्याने उत्तर शोधणे होय, हा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि खेळाच्या शिक्षणाला त्याने मोठा आधार दिला.

खो-खोचे मैदान डोळ्यांपुढे आणावे. पाठलाग करणारी मुलगी खांबाकडे झेपावते तेव्हा नियमाने तिला मध्येच मागे वळता येत नाही. अंग आत झुकवून, हाताने खांब धरून, गुडघे दुमडून वजन खाली घेऊन तिने खांबाभोवती वळावयाचे, आणि त्याच क्षणी पुढचा बचावपटू हुलकावणी देऊन कोणत्या बाजूस सरकतो हे टिपून दोन पावलांत पुन्हा वेग धरावयाचा. या एका वळणात मांडीचे बळ, घोट्याची स्थिरता, हाताची पकड, दृष्टीची तयारी आणि निर्णयाची घाई असे सर्व गुण एकवटलेले असतात. मग अशा खेळाडूची चपळाई केवळ ठराविक अंतरावर मांडलेल्या कोनांभोवती, आधीच ठाऊक असलेल्या वाटेने धावून कशी वाढेल? वळण्याचे तंत्र बसेपर्यंत कोन उपयोगी आहेत. त्यानंतर समोर हलणारा, फसविणारा, मन ओळखू न देणारा प्रतिस्पर्धी हवा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले, आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर यांनी त्या संघांचे नेतृत्व केले. आपल्या मातीतील खेळ जगापुढे जात असताना त्याच्या हालचालींचा शास्त्रशुद्ध अभ्यास आपणच प्रथम करावयास नको काय?

खाशाबा जाधवांचे उदाहरणही येथे बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत वाढला. १९४८ साली लंडनला गादीवरच्या अनोळखी कुस्तीत उतरून त्याने सहावा क्रमांक मिळविला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला, वरच्या वजनगटात, स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. मातीने त्याला बळ आणि विजेसारखी चपळाई दिली होती. ज्या पृष्ठभागावर आणि ज्या नियमांखाली ती वापरावयाची, त्यांचा परिचय लंडनमध्ये झाला, आणि त्यानंतरच पदक आले.

अभ्यासाचे दुसरे फळ म्हणजे शरीराचे रक्षण. मांडीच्या मागील स्नायूला वेगात धावताना लचक बसणे ही धावपटूंची आणि फुटबॉलपटूंची नेहमीची व्यथा आहे. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्या संघांना एकच साधा व्यायाम देण्यात आला: गुडघ्यांवर उभे राहावयाचे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावयाचे, आणि धड ताठ ठेवून जमिनीकडे शक्य तितके सावकाश झुकत जावयाचे. त्या हंगामात हा व्यायाम करणाऱ्यांत अशा १५ दुखापती झाल्या आणि न करणाऱ्यांत ५२. या व्यायामाला एक सतरंजी आणि एक जोडीदार याखेरीज काहीही लागत नाही. तीच गोष्ट मुलींच्या गुडघ्यांची. वळणाच्या व उड्यांच्या खेळांत गुडघ्यातील लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांहून स्पष्टपणे अधिक आहे. आणि तरीही हातभर उंचीच्या ओट्यावरून मुलीला उडी घ्यावयास सांगून, जमिनीवर उतरताना तिचे गुडघे आत वळतात की पावलांच्या रेषेत राहतात, हे समोर उभे राहून पाहणारा शिक्षक आपल्या किती शाळांत आहे? गुडघे आत वळत असतील तर कंबरेचे व मांडीचे बळ वाढवून आणि उतरण्याची रीत घोटून घेऊन हा दोष पुष्कळ अंशी दूर करता येतो, आणि पुढे वर्षभर घरी बसविणारी दुखापत टाळण्याचा संभव वाढतो.

या मार्गात दोन समजुती आडव्या येतात. लहान वयात वजन उचलले तर उंची खुंटते, ही पहिली. आणि मुलींनी वजने उचलली तर त्यांचे अंग बेढब होते, ही दुसरी. पहिलीला शास्त्रीय आधार सापडत नाही: जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य तंत्राने आणि बेताच्या भाराने केलेला व्यायाम मुलांच्या वाढीस मारक ठरत नाही, घातक असतात ती देखरेखीवाचून चढाओढीने उचललेली वजने. दुसरी समजूत तितकीच निराधार आहे, आणि तिच्यापायी अनेक गुणी मुली ज्या बळाने त्यांचे सांधे सुरक्षित राहिले असते त्या बळालाच मुकतात.

कोणी असा आक्षेप घेईल की, हे सारे खर्चाचे काम आहे आणि गरीब शाळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सरकारी अनुदानातून गावोगावी व्यायामशाळांना साहित्य मिळते, उद्यानांत खुल्या व्यायामशाळा उभ्या राहतात, जिल्हा क्रीडा संकुलांत यंत्रे येतात. तरतूद आजही लोखंडावर होते, आणि ते लोखंड योजकतेने वापरणाऱ्या माणसावर मात्र होत नाही. भिंतीवर खडूने खूण करून उभी उडी मोजता येते, साध्या घड्याळाने तीस मीटरांची धाव मोजता येते, आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक खेळाडूचे भार, आवर्तने, विश्रांती, दुखणी व प्रगती यांचा तपशील तारीखवार लिहिता येतो. असे दप्तर ज्या मैदानावर नाही, तेथे शिक्षक आणि खेळाडू यांचे परस्परांवरील प्रेम कितीही असो, तेथील शिक्षण अंदाजावरच चाललेले आहे असे समजावे.

म्हणून शासनाच्या क्रीडा खात्याने शारीरिक शिक्षणाच्या पदवी-पदविकांत बलसंवर्धन आणि हालचालींचे शास्त्र हे विषय प्रात्यक्षिकासह सक्तीचे करावेत. सेवेतील शिक्षकांसाठी ठराविक मुदतीचे उजळणीवर्ग सुरू करावेत. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात या विषयात शिकलेला एक तरी मार्गदर्शक नेमावा. आणि व्यायामशाळेचे अनुदान मंजूर करताना तेथे खेळाडूंची नोंदवही ठेवली जाते की नाही याची तपासणी हीच पहिली अट करावी. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी वर्गांनाही हा जाबता लागू असावा, कारण सोळाशे मीटर धावणे आणि गोळा फेकणे यांच्या तयारीसाठी हजारो तरुण आपली शरीरे त्यांच्या हवाली करतात.

पालकांना माझे एक सांगणे आहे. मुलाला किंवा मुलीला कोणत्याही वर्गात घालण्यापूर्वी प्रशिक्षकाला एवढेच विचारावे की, सहा महिन्यांपूर्वी आपल्याकडे आलेल्या मुलाची नोंद दाखवाल काय. ज्याला ती दाखविता येईल त्याच्याकडे मूल निश्चिंतपणे पाठवावे, आणि ज्याला येणार नाही त्याला ती ठेवावयास भाग पाडावे.