विश्लेषण : तेलविहिरीतला गाळ किरणोत्सारी कसा होतो?

खनिज तेलाचे प्रदूषण म्हटले की समुद्रावरचा तवंग डोळ्यांपुढे येतो. तेलासोबत वर येणारी वाळू, टाक्यांच्या तळाचा गाळ आणि पाइपांच्या आत जमणारे टणक थर यांची चर्चा क्वचितच होते. त्यांत तेलाचा अंश असतो, काही क्षेत्रांत पारा आणि रेडियमही असते. तरीही हा कचरा ‘घातक’ आहे का, याचे उत्तर देशागणिक बदलते.

रेडियम येते कुठून?

खडकांत युरेनियम आणि थोरियम निसर्गतःच असतात. त्यांच्यापासून तयार होणारे रेडियम भूगर्भातील खाऱ्या पाण्यात विरघळते आणि तेलाबरोबर वर येते. तेल ढकलण्यासाठी विहिरीत सोडलेले समुद्राचे पाणी या बेरियमयुक्त पाण्यात मिसळले, की बेरियम सल्फेटचा थर पाइपात बसतो. रेडियमचे रासायनिक गुण बेरियमसारखेच असल्याने तेही त्यात अडकते. गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, तसाच हा प्रकार. फक्त येथे अडकलेले रेडियम-२२६ निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात.

धोका कधी?

पाइप बंद असेपर्यंत बाहेर जाणवणारा किरणोत्सार बहुधा कमी असतो. खरी जोखीम सफाईत आहे. थर कोरडा खरवडला, तर धूळ थेट फुप्फुसात जाते. म्हणून तो ओला ठेवून उच्च दाबाच्या पाण्याने काढणे, मास्क वापरणे, गाळ बंद पिंपांत भरणे आणि पाइप भंगारात देण्यापूर्वी मोजणी करणे आवश्यक ठरते. अमेरिकेत लुइझियानातील हार्वे येथे तेल कंपनीचे पाइप साफ करणाऱ्या आवाराची जमीन अशाच थरांनी दूषित झाली. २००१ मध्ये ज्युरीने एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निकाल दिला; अपिलात ती बरीच घटली.

कायदा काय म्हणतो?

त्याच अमेरिकेत १९८०च्या दशकापासून तेल-वायू उत्खननाच्या कचऱ्याला घातक कचऱ्याच्या संघराज्यीय नियमांतून सूट आहे. ही सूट कचऱ्यात काय आहे यावर नव्हे, तो कुठून आला यावर ठरते. भारतात २०१६च्या नियमांनुसार तेलमिश्रित गाळ घातक कचऱ्याच्या यादीत आहे. मात्र अणुऊर्जा कायद्याखालील किरणोत्सारी कचरा या नियमांतून वगळलेला आहे. त्यामुळे पिंपातील गाळ कोणत्या कायद्याखाली जाणार, हे मोजणी केल्याशिवाय ठरत नाही. आणि किरणोत्साराला ना रंग असतो, ना वास.