मनगटावरचा आकडा खरा की खोटा?

हसनाबादच्या आमच्या वस्तीत सध्या एक वाद रंगात आला आहे. संध्याकाळी विहारासमोरच्या कट्ट्यावर पोरे जमली की विषय एकच: कुणाचे स्मार्टवॉच भारी? एकाच्या हातात नॉइज, दुसऱ्याच्या हातात बोट, तिसऱ्याच्या हातात फायर-बोल्ट. ॲपलचे घड्याळ चौकोनी, सॅमसंगचे गोल. मग चौकोनी दिसायला चांगले की गोल, पट्टा रबरी बरा की साखळीचा, यावर तासभर चर्चा. वाळूजच्या कंपनीत कामाला असलेला एक तरुण हात पुढे करून सांगतो, "दिसतं का नाही ॲपलसारखं? अन् दीड हजारात!"

तरुणांनी नटावे, चर्चा करावी, त्यात वाईट काही नाही. आम्हीही ऐकून हसत होतो. पण एका पौर्णिमेला आमचे हसणे थांबले.

विहारात दर पौर्णिमेला आम्ही रक्तदाब तपासतो. वस्तीतल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, रांगेत उभ्याच राहिनात. म्हणाल्या, "सिस्टर, मला काहून तपासता? माझा बीपी बराबर हाय. घड्याळातच दिसतो की!" मुलाने १४ एप्रिलला आईला घड्याळ भेट दिले होते. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. घड्याळावर आकडा होता ११८/७६. आम्ही आग्रहाने बसवून दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १८६/११२. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, तरी जवळपास तेवढाच. विचारल्यावर कळले, घड्याळात बीपी 'नॉर्मल' दिसतो म्हणून मावशींनी दीड महिन्यापासून गोळी बंद केली होती. सकाळी डोके दुखते ते उन्हाने, असे त्या धरून चालल्या होत्या. त्याच दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. गोळी पुन्हा सुरू झाली, आज त्या बऱ्या आहेत. पण दीड महिना लकवा त्यांच्या दाराशी उभा होता आणि मनगटावरचे घड्याळ सांगत होते, सगळे ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच घड्याळ कट्ट्यावर नेले. टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि घड्याळ तिला बांधले. थोड्या वेळाने टॉवेलची नाडी दिसली ७८ आणि रक्तदाब १२१/७९. पोरे आधी खो-खो हसली, मग गप्प झाली.

असे का होते, ते समजून घेऊ. घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचे रक्त वाढते-कमी होते, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. शांत बसलेले असताना चांगल्या घड्याळात हा आकडा बऱ्यापैकी जुळतो. रक्तदाबाचे मात्र तसे नाही. दंडाचा पट्टा हवा भरून रक्तवाहिनी दाबतो आणि त्यावरून रक्ताचा जोर कळतो. साध्या घड्याळात दाबणारे काहीच नसते. ते प्रकाशावरून रक्तदाबाचा अंदाज बांधते. अंदाजाला कुठलाच आधार नसेल तर टॉवेललाही बीपी येतो.

आता मोठ्या कंपन्या काय करतात ते पाहा. सॅमसंगच्या घड्याळात रक्तदाब दिसतो. पण आधी दंडाच्या यंत्राने मोजून तो आकडा घड्याळाला द्यावा लागतो आणि दर २८ दिवसांनी हे पुन्हा करावे लागते. ॲपलचे पहिले घड्याळ २०१५ साली बाजारात आले. २०१८ साली त्यात ईसीजी आला, २०२० साली रक्तातील ऑक्सिजन. पण त्यात रक्तदाबाचा आकडा अजूनही दिसत नाही. २०२५ साली त्यांनी एवढेच केले की बरेच दिवस नोंदी पाहून 'तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो' अशी सूचना द्यायची. पुढची तपासणी पट्ट्याच्या यंत्रानेच. ज्या कंपनीच्या घड्याळाला आपल्या दोन-तीन महिन्यांची मजुरी लागेल, ती कंपनी जो आकडा दाखवायला धजत नाही, तो दीड हजाराचे घड्याळ बेधडक दाखवते. यातच काय ते समजा.

हे घडते स्पर्धेमुळे. वरच्या थरात स्पर्धा इतकी कडवी की ऑक्सिजन मोजण्याच्या तंत्रावरून मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने ॲपलला खेचले. २०२३ च्या अखेरीस ॲपलच्या दोन नव्या घड्याळांवर अमेरिकेत आयातबंदी आली आणि २०२४ च्या जानेवारीपासून तिथे ती घड्याळे ऑक्सिजनची सोय बंद करून विकावी लागली. आपल्याकडची स्पर्धा निराळी. २०२२ साली एका तिमाहीत भारत जगातील सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ ठरला, तो स्वस्त घड्याळांच्या जोरावर. जाहिरातींचे म्हणाल तर विराट कोहली आधी फायर-बोल्टचे घड्याळ घाला म्हणाला, नंतर नॉइजचे. माणूस तोच, मनगट तेच. किंमत वाढवता येत नाही, आतले यंत्र साधारण सारखेच, मग बाजारातल्या स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर सोयींची यादी लांबत जाते: बीपी, ऑक्सिजन, झोप, ताण, काही ठिकाणी तर साखरसुद्धा! सुई न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. अशा घड्याळाच्या माहितीपत्रकात बहुधा कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते, 'हे वैद्यकीय उपकरण नाही'. खोक्यावर 'बीपी' ठळक आणि ही ओळ मुंगीएवढी. मावशींनी ती वाचावी कशी?

डिझाइनचाच वाद घालायचा तर आमचा प्रश्न वेगळा आहे. हे घड्याळ कुणाचे मनगट डोळ्यांसमोर ठेवून केले? आमच्या आज्यांच्या मनगटावर गोंदण आहे. टॅटूच्या शाईमुळे सेन्सर चुकू शकतो, हे ॲपलने २०१५ मध्येच मान्य केले होते. हातभर बांगड्या, कापूस वेचताना आणि मिरची तोडताना सतत हलणारा हात, घाम, बारीक मनगटावर सैल बसणारी मोठी तबकडी, या सगळ्यांनी आकडा बिघडतो. त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहेच. २०२० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दवाखान्यातल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडले होते. यंत्र कुणाच्या अंगावर तपासून बाजारात आणले, हा बारकावा नाही. तो जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

घड्याळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, ठरलेल्या भागात किती वेळ थांबला, हे त्यातून कार्यालयात दिसायचे. चंदीगडमध्ये अशाच घड्याळांविरुद्ध सफाई कामगार रस्त्यावर उतरले होते. या कामात कोणत्या समाजाची माणसे जास्त आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. साहेबाच्या मनगटावरचे घड्याळ त्याच्या हृदयाची काळजी घेते आणि झाडूवाल्या बाईच्या मनगटावरचे तिच्यावर पहारा ठेवते. घाणीत हात घालणाऱ्या त्या बाईच्या दम्याची, तिच्या बीपीची नोंद कुणाच्या पडद्यावर येते?

कट्ट्यावरच्या एका पोराने आम्हाला रोकठोक विचारले, "सिस्टर, दवाखान्यात गेलं तर मशीन बंद, नाहीतर साहेब मीटिंगला. मग घड्याळ बघायचं नाही तर काय करायचं?" प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यायचे आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासणे हे सरकारचेच काम आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. आशाताईंकडे आपले नाव नोंदवा. मशीन बंद असेल तर दहा जणांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घड्याळ बांधून हा हक्क सोडू नका.

आणि एक हिशेब मांडू. दंडाला बांधायचे डिजिटल बीपी यंत्र साधारण दीड-दोन हजारांत मिळते. म्हणजे एका स्मार्टवॉचच्या पैशात एका गल्लीचे काम होते. पाच घरांनी वर्गणी काढावी, यंत्र विहारात ठेवावे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. दोनदा मोजून वहीत लिहावे. वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. १८०/११० च्या पुढे गेले तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे काही असेल तर लगेच १०८ लावावा. घड्याळाचा आकडा पाहून गोळी सुरू करू नये, बंद तर मुळीच करू नये.

सरकारकडे आमची मागणी सरळ आहे. दंडाच्या यंत्राशी जुळवणी केल्याशिवाय कोणत्याही घड्याळाने रक्तदाबाचा आकडा दाखवू नये, आणि 'वैद्यकीय उपकरण नाही' ही ओळ खोक्यावर मराठीत, 'बीपी' या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरात असावी.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला सेकंदकाट्याचे साधे घड्याळ घ्यायला लावले होते. रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. हे कुणालाही जमते. आता कट्ट्यावरच्या चौघा पोरांना आम्ही नाडी आणि बीपी मोजायला शिकवले आहे. त्यांच्या हातात घड्याळे अजून तीच आहेत, वादही तोच चालू आहे. पण येत्या पौर्णिमेला विहारात दंडाला पट्टा तेच बांधणार आहेत. आपल्या घरातल्या आई-आजीला घेऊन या. घड्याळ घातलेले असले तरी चालेल, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पाहू.