झोक्याखालची जमीन

नागपंचमी जवळ आली की महाराष्ट्रातील खेड्यांत झाडांना झोके बांधले जातात. एक दोर, एखादी फळी आणि भक्कम फांदी एवढ्या साहित्यावर कित्येक पिढ्यांनी आनंद लुटला. आज शहरांतील घरांच्या परसात आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारात झोक्याच्या जोडीला घसरगुंडी, सीसॉ, चढण्याचा लोखंडी सांगाडा अशी साधने आली आहेत. साधनांबरोबर पालकांची चिंताही आली. एखादे मूल पडते, त्याचा हात मोडतो आणि दुसऱ्याच दिवशी झोका उतरवला जातो. ही कृती मायेपोटी घडते, यात शंका नाही. तथापि, दोष झोक्याचाच होता काय, हे मात्र कोणी तपासत नाही.

धोका कमी लेखून चालणार नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात मुलाचा हात मोडला तर औषधोपचाराच्या खर्चाबरोबर आईवडिलांची मजुरीही बुडते. अमेरिकेत घरामागील अंगणात खेळाची साधने बसवण्याची प्रथा रुजलेली आहे आणि तेथे अपघातांची पद्धतशीर नोंद होते. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८१ साली क्रीडांगणांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सार्वजनिक आणि घरगुती खेळसाधनांवर दुखापत होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणल्या जाणाऱ्या मुलांची संख्या तेथे वर्षाला २ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज वेळोवेळी मांडला गेला आहे. यांतील बहुतेक दुखापतींचे कारण एकच आढळते : उंचावरून जमिनीवर पडणे.

पडण्याचा हिशेब साधा आहे. २ मीटर उंचीवरून खाली येणारे मूल जमिनीला टेकते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. खाली सिमेंटचा कोबा असेल, तर हा वेग क्षणार्धात शून्य होतो आणि सगळा आघात हाडांवर किंवा डोक्यावर येतो. खाली भुसभुशीत थर असेल, तर शरीर त्यात थोडे रुतत थांबते आणि आघात सौम्य होतो. ‘पूर्वीची मुले पडत-झडतच मोठी झाली,’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. परंतु पूर्वी दुखापती झाल्याच नाहीत असे नव्हे. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, इतकेच. शिवाय आज अनेक झोक्यांखाली फरशी किंवा काँक्रीट आहे. उन्हाने टणक झालेली माती आणि वरवरचे गवतही पुरेसे रक्षण करीत नाही.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. साधनाखाली सुमारे २३ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ढलप्यांचा थर असावा. साधन सव्वा मीटरपेक्षा उंच नसेल, तर तेवढ्याच जाडीची वाळूही चालते. साधनाच्या चारही बाजूंना १.८ मीटर मोकळी जागा सोडावी. झोक्याला पुढे आणि मागे याहून अधिक जागा लागते. तो २ मीटर उंचीवर टांगलेला असेल, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४ मीटर जागा मोकळी हवी. थर दबला की तो पुन्हा सैल करावा, घटला की भर घालावी.

येथे जोखीम आणि छुपा धोका यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. उंची मुलाला दिसते. ते थबकते, अंदाज घेते, एक पायरी चढते आणि भीती वाटल्यास उतरते. परंतु कुजलेली फळी, झिजलेली कडी, आतून गंजलेला खांब त्याला कळत नाही. अंग आत जाईल पण डोके अडकेल अशा दोन गजांमधील फटीचा, किंवा घसरगुंडीच्या टोकाला अडकून गळ्याला फास लावू शकणाऱ्या ओढणीचा विचार त्याच्या मनात येत नाही. भर दुपारी पत्र्याची घसरगुंडी कातडी भाजेल इतकी तापते, हेही त्याला ठाऊक नसते. हे धोके शोधून दूर करणे हे मोठ्यांचेच काम होय. कधी कधी तर मायाच धोका निर्माण करते. लहानग्याला मांडीवर घेऊन मोठे माणूस घसरगुंडीवरून उतरते, तेव्हा मुलाचा पाय कडेला अडकला तर मोठ्याच्या वजनामुळे पायाचे हाड मोडू शकते. त्यापेक्षा लहान घसरगुंडीवरून मुलाला एकटे घसरू द्यावे आणि आपण शेजारी उभे राहावे, हे बरे.

प्रत्येक साधन सारखेच स्वीकारार्ह असते, असेही नाही. उसळी मारण्याचे जाळे, म्हणजे ट्रॅम्पोलिन, घरी वापरू नये असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली दिला आणि २०१२ साली त्याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. त्यावरील सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सर्वांत लहान मुलाला अधिक इजा होते. म्हणून प्रत्येक साधनाचा लाभ आणि हानी स्वतंत्रपणे तोलणे इष्ट.

या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. झोक्यावर तोल कळतो, चढताना पकड बळकट होते, पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागते. नॉर्वेतील अभ्यासक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळांचा अभ्यास केला. उंची आणि वेग यांचा अनुभव मूल बेताबेताने घेते आणि त्यातून भीतीवर मात करायला शिकते, असे प्रतिपादन त्यांनी केले. वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या खेळणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवले नव्हते. झाडानेच शिकवले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ हा बालकाचा हक्क मानला आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. झोका उतरवला की अपघात टळतो, पण या हक्काला आणि या शिक्षणालाही मूल मुकते.

खरचटलेला गुडघा चार दिवसांत बरा होतो. डोक्याला झालेली गंभीर इजा मात्र जन्मभराची ठरू शकते. पहिली सोसण्याची आणि दुसरी टाळण्याची तयारी ठेवणे, यातच सुज्ञपणा आहे. ज्या हातांनी झोका उतरवायचा, त्याच हातांनी आधी दोर ओढून पाहावा, कडी तपासावी आणि खाली वाळूची चार घमेली पसरायला सुरुवात करावी. मग मुलाला खुशाल झोका घेऊ द्यावा.