टेप गुंडाळण्याआधी पत्रा शोधा



उन्हाळा लागला की माझ्या औंधच्या दुकानात एक मागणी हमखास येते. "दादा, बोनेट लय तापतंय, ती रेसिंगवाली टेप मारून द्या की सायलेन्सरला." आणि माझ्याकडे धंदा शिकायला येणारी पोरं लगेच पुढचा प्रश्न विचारतात, "सर, या टेपमध्ये मार्जिन किती सुटतं?"

व्हिडिओमध्ये मी याचं उत्तर दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे सविस्तर सांगतो, कारण यात माझे स्वतःचे पैसे आणि थोडी अब्रू गेलेली आहे.

माझं मत सरळ आहे. ज्याला नवीन गॅरेज किंवा कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, त्याने पहिल्या वर्षी टेप गुंडाळायचं काम हातात घेऊच नये. त्याने उष्णतेची तपासणी करावी, आणि तिचे पैसे मागावेत.

माझी चूक

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक गिऱ्हाईक जुनी पेट्रोल गाडी घेऊन आलं. घाटात एसी चालत नाही, बोनेटमधून वाफा येतात अशी तक्रार. मी बोनेट उघडलं, मॅनिफोल्ड उघडा दिसला, टेप गुंडाळली, फोटो काढला, पैसे घेतले. गिऱ्हाईक खूश, मीपण खूश.

तीन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक फोनवर. "बोनेटमधनं धूर निघतोय वो, पेटतीय का काय गाडी?" मी गाडी जागेवरच बंद करायला सांगितली आणि मोटारसायकलवर पळत गेलो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑईल पाझरत होतं, आणि ते माझ्या टेपने स्पंजासारखं पिऊन ठेवलं होतं. खाली तापलेला मॅनिफोल्ड, वर ऑईलने भिजलेली टेप. जाळ झाला नाही हे नशीब.

टेप काढली तेव्हा खरी गोष्ट कळली. मॅनिफोल्डवर कंपनीने दिलेला पत्रा, म्हणजे हीट शील्ड, जागेवरच नव्हती. कुठल्या तरी कामात बोल्ट गंजून तुटले असणार आणि पत्रा कुणीतरी बाजूला फेकून दिला असणार. बसवायचा होता पत्रा, मी विकली टेप. ऑईलची गळती तर मी बघितलीच नव्हती.

उष्णता जाते कुठून?

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तीन शब्द होते: वहन, अभिसरण, प्रारण. बोनेटखाली हे तिन्ही एकदम चालू असतात.

इंजिनातून जळालेला वायू मॅनिफोल्डमध्ये येतो. पेट्रोल गाडीत पूर्ण लोडवर त्याचं तापमान ८०० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. डिझेलमध्ये त्यापेक्षा कमी असतं, पण तेही हात लावण्यासारखं नाही. मॅनिफोल्ड बोल्टमधून इंजिनच्या हेडला तापवतो, हे वहन. भोवतालची हवा तापवतो, हे अभिसरण. आणि शेकोटीसमोर बसल्यावर तोंड भाजतं तशी समोरच्या वायरला आणि होज पाइपला झळ देतो, हे प्रारण.

प्रारणाची एक गंमत आहे. पृष्ठभाग ६०० अंशांवरून ५०० अंशांवर आला, तर झळ सहाव्या हिश्शाने कमी होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. आणि मध्ये एक चकचकीत पत्रा, मागेपुढे हवेची फट ठेवून लावला, तर बरीचशी झळ तो परत फिरवतो. कंपनीचा तो फालतू दिसणारा पत्रा हेच काम करतो. मात्र तो मॅनिफोल्डला चिकटला की फायदा गेला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून घरचा पत्रा कापून जवळ ठोकणं हे शहाणपण नाही.

टेपचं काम वेगळं आहे. ती उष्णता पाइपच्या आतच कोंडून ठेवते. रेसिंगच्या गाडीत ते हवं असतं. रोजच्या गाडीत मात्र धातू जास्त तापतो, पावसाळ्यात टेपमध्ये ओल धरते, साध्या लोखंडी पाइपला आतून गंज चढतो, आणि तडा गेला तरी दिसत नाही. शिवाय हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लागूनच असतो. त्याच्यावर टेप गुंडाळली तर तो मर्यादेबाहेर तापू शकतो. ती दुरुस्ती तुमच्या महिन्याच्या कमाईत बसणार नाही.

नॅनोने काय शिकवलं

हा विषय लहान गॅरेजपुरता आहे असं समजू नका. टाटांची नॅनो २३ मार्च २००९ ला बाजारात आली. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली. कुणाला इजा झाली नाही, पण फोटो देशभर गेले. अशा आणखी काही घटना झाल्यावर कंपनीने चौकशी केली. गाडीच्या रचनेत दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. काही गाड्यांत वरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा एक्झॉस्टवर राहिलेली बाहेरची वस्तू हे कारण तिने सांगितलं. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात देशभरात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. विक्री पडायला कर्ज न मिळण्यासारखी इतरही कारणं होती, पण गाडी पेटते ही भीती लोकांच्या मनात बसली होती.

आता ती दोन कारणं परत वाचा. वरून बसवलेली उपकरणं, आणि एक्झॉस्टवर राहिलेली वस्तू. ही दोन्ही कामं कुठे होतात? तुमच्या-माझ्या दुकानात. फॉग लॅम्प, हॉर्न, म्युझिक सिस्टीम आपणच बसवतो. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० ते १०५ अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं. ती वायर जवळचा रस्ता म्हणून मॅनिफोल्डशेजारून नेणारे आपणच, आणि पुसायचं फडकं बोनेटमध्ये विसरणारेही आपणच.

एवढ्या मोठ्या कंपनीला विश्वास परत मिळवताना घाम फुटला. औंधमध्ये एका गाडीने पेट घेतला, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी पुसेसावळी, रहिमतपूरपर्यंत पोचते. मग दुकानाला नवीन बोर्ड लावून उपयोग नाही.

तपासणी म्हणजे नेमकं काय

मी आता असं करतो. तुम्ही जसंच्या तसं उचला.

पहिलं, गाडी थंड असताना बघणं. हीट शील्ड आहे का, बोल्ट पूर्ण आहेत का, पत्रा खडखडतो का. ऑईल, कूलंट, पेट्रोल कुठे पाझरतंय का. वायर आणि होज पाइपच्या क्लिपा जागेवर आहेत का. उंदराने घरटं केलंय का. गाडी पाचटात किंवा वाळल्या गवतात उभी राहते का, हेही विचारा. उसाच्या रानात गाडी घालणाऱ्याला हे कुणी सांगतच नाही.

दुसरं, गाडी चालवून तापवणं आणि मोजणं. टेम्परेचर गन घ्या, पण तिचा एक दोष लक्षात ठेवा. चकचकीत धातूवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. म्हणून मोजायच्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा छोटा ठिपका आधीच, गाडी थंड असताना द्या. मॅनिफोल्डपेक्षा त्याच्या शेजारच्या वायर, होज पाइप, बॅटरी, एअर फिल्टरचा डबा यांचे आकडे महत्त्वाचे.

तिसरं, गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत मोजणं. हे बहुतेक जण करत नाहीत. गाडी बंद झाली की वाराही थांबतो आणि कूलंटही फिरायचं थांबतं, पण मॅनिफोल्ड तापलेलाच असतो. त्यामुळे बोनेटखालचं तापमान काही वेळ उलट वाढतं. पसरणी घाट चढून पाचगणीला गाडी लावली की नेमकं हेच होतं.

मग दुरुस्ती, आणि तीही याच क्रमाने: आधी गळती बंद. मग कंपनीचा पत्रा परत बसवणं. मग वायर लांबून नेणं आणि क्लिप लावणं. जागाच नसेल तर वायरवर उष्णतारोधक स्लीव्ह. मग रेडिएटर, फॅन, आणि हवा अडवणारी जादा जाळी किंवा लाइट. एवढं करूनही आकडा खाली आला नाही, तरच पुढचं. तेव्हासुद्धा मी चांगल्या ठिकाणाहून सिरॅमिक कोटिंग करून घ्यायला सांगतो, टेप नाही.

थंड हवेचा फायदा गिऱ्हाइकाला आकड्यात सांगा. इंजिनात जाणारी हवा ४० ऐवजी ६० अंशांची असेल तर ती साधारण सहा टक्के विरळ होते. "गाडी ओढत नाही" याचं एक कारण इथे असतं.

पण पैसे कोण देणार?

हा आक्षेप खरा आहे. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, नजरेचे देत नाही. टेप दिसते, फोटोत छान येते. तपासणी दिसत नाही.

म्हणून ती दिसेल अशी करा. एक छापील कागद, दुरुस्तीआधीचे आकडे, नंतरचे आकडे, तारीख, सही. गिऱ्हाइकाला बोनेटजवळ उभं करून त्याच्यासमोर मोजा.

आता हिशोब बघू. समजा टेपच्या एका कामात तुम्हाला १,००० रुपये सुटतात. वीस कामांचे झाले २०,०००. त्यातल्या एका गाडीची वायरिंग जळाली आणि भरपाईला २५,००० लागले, तर वीस गाड्यांची मेहनत पाण्यात आणि वर ५,००० खिशातून. आता समजा तपासणीचे ३०० रुपये घेतले. वीस गाड्यांचे ६,०००. त्यातल्या दहा गाड्यांत पॅकिंग, क्लिप, पत्रा असं काम निघालं आणि प्रत्येकी ६०० सुटले, तर आणखी ६,०००. एकूण १२,०००. आकडा लहान दिसतो, पण तो परत द्यावा लागत नाही. बीबीएमध्ये आम्हाला जोखीम धरून नफा काढायला शिकवलं होतं. ते मला समजलं मात्र त्या धुराच्या दिवशी.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक्झॉस्ट पाइप आणि इंधनाची नळी यांत निदान ३५ मिलिमीटर अंतर सांगितलंय. बाजारातला हेडर बसवून हे अंतर मोडलं, तर अपघातानंतर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील, आणि गिऱ्हाइकाचा विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

आपल्या औंध संस्थानातच १९१० मध्ये पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. माल चांगला असूनही विश्वास बसायला वेळ गेला. आपल्याला तर लोक पहिल्या दिवशीच गाडीची चावी देतात. हे भांडवल बँक देत नाही.

ते टेपवालं गिऱ्हाईक आजही माझ्याकडे येतं. मी पैसे परत दिले होते, पॅकिंग बदललं, जुना पत्रा मिळवून बसवला. हल्ली ते नवीन गिऱ्हाइकाला सांगतं, "ह्यांच्याकडं आधी मोजत्यात, मग बोलत्यात."

या आठवड्यात एक काम करा. तुमची स्वतःची किंवा घरातली गाडी थंड असताना बोनेट उघडा आणि मॅनिफोल्डवरचा पत्रा जागेवर आहे का ते बघा. नसेल, तर तुमचं पहिलं काम तिथेच सापडलं.