न दिसणाऱ्यावर नेम

धाराशिवात आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कथेचा आणि फाशांचा खेळ खेळायला बसलो की एका मुद्द्यावर वाद ठरलेला. जो शत्रू दिसत नाही, त्याच्यावर स्पेल टाकता येतो का? एक पक्ष म्हणतो, मंत्राला डोळे कशाला हवेत, नाव घेतलं की तो जाऊन लागणारच. दुसरा म्हणतो, दिसत नाही म्हणजे टाकता येत नाही, विषय संपला. मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. पहिलीने खेळातली चुरस जाते, दुसरीने खेळाडूची अक्कल वाया जाते. आणि नियमपुस्तक दोघांपैकी कुणाच्याच बाजूने उभं नाही.

दुसऱ्या पक्षाचं आधी बघू, कारण तो पुस्तकाचा हवाला देतो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत लक्ष्याबद्दलचा सर्वसाधारण नियम इतकाच आहे की तिथवरची वाट मोकळी हवी, मध्ये पूर्ण आडोसा नको. दिसण्याची अट सरसकट नाही. ती ज्या त्या स्पेलच्या मजकुरात असते. मॅजिक मिसाइलला दिसणारा प्राणीच लागतो, होल्ड पर्सनला दिसणारा मानवसदृश प्राणी लागतो. फायर बोल्टमध्ये मात्र तो शब्दच नाही. 120 फुटांच्या आत कुणी प्राणी किंवा वस्तू असली की झालं, पुढे नेम फासा ठरवतो. यामागे विचार आहे. मॅजिक मिसाइल कधी चुकत नाही, म्हणून पाहण्याची अट ही त्याची किंमत. फायर बोल्ट चुकू शकतो, म्हणून त्याला अंधारातही सोडायची मुभा. फक्त वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी आलेला आकडा धरायचा. शत्रू त्या जागी नसेलच, तर आकडा कितीही येवो, वार फुकट. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने तेव्हा ‘चुकला’ एवढंच सांगावं, जागा चुकली की नेम, हे सांगू नये, असा पुस्तकाचा सल्ला आहे. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो. खेळाडूच्या मनातली शंका तशीच राहते आणि पुढच्या पाळीला तो कान टवकारून बसतो.

आमच्या खेळातला नळदुर्ग किल्ल्याचा प्रसंग घ्या. बोरी नदीवरच्या आदिलशाही बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की महालाच्या सज्ज्यासमोरून पाणी कोसळत राहतं. मी याच जागेवर एक लढाई रचली होती. पाण्याच्या पडद्यामागे मांत्रिक, बाहेर आमची मंडळी. पाणी नजर अडवतं, पण भिंतीसारखी वाट अडवत नाही, असा माझा निवाडा. म्हणून मॅजिक मिसाइल नाही, फायर बोल्ट चालेल. तोच मांत्रिक दगडी खांबाआड पुरता गेला, की फायर बोल्टही नाही. एका मुलीने विचारलं, ‘त्याच्या पैंजणांचा आवाज येतोय का?’ पाण्याच्या गर्जनेत तो यायचा नाही, असं मी सांगितलं. मग तो पाण्याआड जाताना सज्ज्याच्या ओल्या फरशीवर उमटलेली पावलं कुठवर गेली होती ते तिने विचारलं, आणि तिथे नेम धरला. नजरेआड असणं आणि लपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ‘दिसत नाही, गप्प बस’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर हा प्रश्न सुचलाच नसता.

आता पहिला पक्ष. तो पुराणांकडे बोट दाखवतो, शब्दवेधी बाणाचं उदाहरण देतो. पण दशरथाच्या बाणाने नेमकं काय केलं? घडा भरण्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं, बाण सुटला. जागा अचूक होती, प्राणी निघाला श्रावण. शब्दवेध जागा सांगतो, तिथे कोण आहे ते सांगत नाही. हे उदाहरण त्यांच्या विरुद्ध जातं.

नाव घेतलं की लागतं, या म्हणण्याबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचं आहे. स्क्राइंग, ड्रीम असे मोजके स्पेल ओळखीवर चालतात आणि केस-नख हाताशी असेल तर जोर धरतात, हे खरं. पण ती सवलत त्या स्पेलांत स्वच्छ लिहिलेली आहे आणि समोरच्याला फासा टाकून प्रतिकार करता येतो. ती सगळ्या स्पेलांना लावायची म्हणजे खेळात करणी आणायची. मराठवाड्यात भानामतीच्या समजापायी बायाबापड्यांनी आळ आणि मार सोसलेला आहे. 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. या मातीत मुलांसमोर खेळ मांडताना वाट, अंतर आणि प्रतिकाराची संधी नसलेली शक्ती मी मांडणार नाही.

राहता राहिला फायरबॉल. त्याला प्राणी लागतच नाही, 150 फुटांतला एक बिंदू पुरतो; तिथून 20 फूट त्रिज्येचा आगीचा गोळा पसरतो. बिंदू दिसत नसेल आणि मध्ये भिंत असेल, तर स्फोट भिंतीच्या अलीकडेच होतो, भिंत जवळ असेल तर आपल्याच अंगावर. पण पाण्याच्या पडद्यापलीकडे तो बिनदिक्कत जातो. इथे मला युद्धकांडातला लक्ष्मण आठवतो. इंद्रजित अदृश्य राहून बाण सोडतो, तेव्हा लक्ष्मण सगळ्या राक्षसांवर ब्रह्मास्त्र टाकायला निघतो. एकासाठी सर्वांना मारणं योग्य नाही, असं सांगून राम त्याला थांबवतो. टेबलावर रामाचं काम नियमाने करू नये. सज्ज्यात मांत्रिकाबरोबर कोंडलेले गावकरी असतील, तर डंजन मास्टरने त्यांच्या खोकल्याची चाहूल फायरबॉल सुटण्याआधी द्यावी, मग खेळाडूला ठरवू द्यावं, आणि त्यात जे कोणी जळतील त्यांच्या घरचे लोक पुढच्या डावात दाराशी आणून उभे करावेत.